खिडकी कोणीं उघडावी?

एखाद्या वादांत दोन्ही पक्ष शास्त्राचा आधार घेऊं लागले, म्हणजे ज्या मनुष्याच्या हितासाठीं तें शास्त्र झालें त्याचा उभयतांस विसर पडत चालला आहे असें खुशाल समजावें. १८९१ सालच्या संमतिवयाच्या वादांत महाराष्ट्रानें हा अनुभव भरपूर घेतला. वचनांवर वचनें पडत होतीं. आणि जिच्याविषयीं हा सारा वाद, त्या मुलीला काय सोसावें लागतें ह्याची विचारपूस मात्र फारच थोड्यांनीं केली. त्या गंभीर प्रसंगाची बरोबरी आजच्या विषयाशीं करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु वादाची ती रीत आपण विसरलों नाहीं, एवढेंच दाखवावयाचें आहे. महाजालावरील पृष्ठें कोणत्या नियमांनीं लिहावीं, आणि वाचकानें त्यांतील एखादा दुवा दाबला असतां पुढचें पृष्ठ त्याच खिडकींत उघडावें कीं नव्या, हा वाद पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालला आहे. एक पक्ष म्हणतो, "हें शास्त्रांत निषिद्ध होतें", दुसरा म्हणतो, "शास्त्रानें आतां परवानगी दिली आहे." वाचकाला काय हवें, हें विचारण्याची तसदी दोघांपैकीं कोणी फारशी घेत नाहीं.

हा विषय केवळ संगणकतज्ज्ञांचा आहे असें समजून कोणीं पान उलटूं नये. आगगाडीचें तिकीट, विजेचें बिल, मुलांच्या परीक्षेचा निकाल, बँकेचें खातें, हीं सारीं आतां ह्या पृष्ठांच्या द्वारें आपल्या घरांत आलीं आहेत. तेव्हां तीं पृष्ठें कशीं लिहिलीं जातात ह्याच्याशीं प्रत्येक घराचा संबंध आहे. नेहमींची रीत अशी कीं, दुवा दाबला म्हणजे जुन्या पृष्ठाच्या जागीं नवें येतें, आणि 'मागें' हें बटण दाबलें म्हणजे जुनें पुन्हां समोर उभें राहतें. ही वाट लहान मुलालाही एका दिवसांत कळते. परंतु पृष्ठ लिहिणाऱ्यानें दुव्यांत एक जादा शब्द घातला, तर पुढचें पृष्ठ नव्या खिडकींत, किंवा हल्लींच्या सोयीप्रमाणें नव्या टॅबांत, उघडतें. जुनें मागें तसेंच राहतें. नव्या खिडकीला स्वतःचा पूर्वेतिहास नसल्यामुळें तिच्यांतील 'मागें' हें बटण बहुधा निर्जीव असतें. वाचक मात्र आपण त्याच वाटेवर आहों असें समजून चालत असतो.

आमच्या घरीं एक वयोवृद्ध आत्याबाई आहेत. उभा जन्म त्यांनीं शाळेंत शिकविण्यांत घालविला. दृष्टि मंद झाल्यामुळें संगणकावरील अक्षरें पुष्कळ मोठीं करून त्या वाचतात, आणि त्यामुळें पडद्यावर पृष्ठाचा लहानसाच तुकडा एका वेळीं मावतो. मध्यंतरीं एका संस्थेचे नियम वाचीत असतां त्यांनीं पांच-सात दुवे दाबले. प्रत्येक दुव्यागणिक एक नवा टॅब उघडत गेला. वरच्या बाजूस त्यांची रांग वाढली, ती त्यांच्या दृष्टीच्या टप्प्यांत नव्हती. मूळ पृष्ठावर परतण्याची वेळ आली तेव्हां बटण चालेना. त्यांनीं आम्हांस हांक मारली आणि ओशाळून विचारलें, "माझ्या हातून कांहीं मोडलें का रे?" ज्या बाईंनीं हजारों मुलांना वाचावयास शिकविलें, तिला वाचतांना अपराध्यासारखें वाटावें, ह्याचा आम्हांस संताप आला. त्यांच्या हातून कांहींही मोडलें नव्हतें. त्यांची परतीची वाट दुसऱ्यानें, त्यांना न विचारतां, मोडून ठेविली होती.

ही वाट मोडण्याचा अधिकार लिहिणाऱ्याला कोठून आला, हें पाहण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. टिम बर्नर्स-ली ह्यांनीं १९८९ सालीं जिनीव्हाजवळच्या सर्न ह्या संशोधनसंस्थेंत महाजालाची कल्पना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजीं त्या संस्थेनें तें कोणासही विनामूल्य वापरण्यास खुलें करून दिलें. पृष्ठें लिहिण्यासाठीं एचटीएमएल ह्या नांवाची जी चिन्हांची भाषा ठरली तिचें मर्म साधें होतें. लेखकानें मजकुरांत खुणा करावयाच्या त्या केवळ 'हें शीर्षक', 'हा परिच्छेद', 'हा दुवा' एवढें सांगण्यासाठीं. शीर्षक किती मोठें दिसावें, दुवा कसा उघडावा, हें ठरविणें वाचकाच्या हातांतील ब्राउझराचें काम. म्हणूनच तेंच पृष्ठ एकानें रंगीत पडद्यावर पाहावें, दुसऱ्यानें केवळ अक्षरें दाखविणाऱ्या यंत्रावर वाचावें आणि तिसऱ्या अंध वाचकानें यंत्राच्या आवाजांत ऐकावें, हें शक्य झालें. पुस्तक एकदां छापलें कीं त्याचा टाइप वाचकाला बदलतां येत नाहीं. महाजालानें वाचकाला तो हक्क दिला, हें त्याचें मोठें पुण्य होय.

पुढें व्यापारी चढाओढ सुरू झाली. नेटस्केप कंपनीच्या ब्राउझराच्या दुसऱ्या आवृत्तींत, १९९६ च्या सुमारास, एका खिडकीचे अनेक भाग पाडणाऱ्या चौकटी आल्या. डावीकडे अनुक्रमणिका, उजवीकडे मजकूर, अशी ती मांडणी. डाव्या चौकटींतील दुवा उजवींत उघडावयाचा तर त्या चौकटीचें नांव सांगणें भाग. म्हणून दुव्यामध्यें 'टार्गेट' हा शब्द घालण्याची सोय झाली. त्या हेतूपुरती ती योग्यच होती. परंतु ठरीव नांवांपैकीं एक होतें 'ब्लँक', म्हणजे कोरी खिडकी. आणि त्या फटींतून पुढचा सारा प्रकार शिरला. त्याच दशकांत ट्रायपॉड ह्या स्थळासाठीं काम करीत असतां ईथन झुकरमन ह्यांनीं जाहिरात वेगळ्या खिडकींत आपोआप उघडण्याची युक्ति लिहिली, आणि २०१४ सालीं त्यांनीं तिच्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. त्या उपटसुंभ खिडक्या अडविण्याची सोय ब्राउझर करणाऱ्यांनीं पुढें केली. परंतु 'ब्लँक'ची खिडकी त्या पहाऱ्यांतून सहीसलामत सुटली. कारण ती वाचकाच्या बोटानेंच उघडते. बोट वाचकाचें, इच्छा मात्र दुसऱ्याची!

प्रमाणें ठरविणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमनें १८ डिसेंबर १९९७ रोजीं एचटीएमएलची चौथी आवृत्ति प्रसिद्ध केली, तेव्हां तिचे तीन पाठ केले. एक कडक, दुसरा जुन्या सवयींना सांभाळून घेणारा, आणि तिसरा चौकटींसाठीं. कडक पाठांत 'टार्गेट' ह्या शब्दाला स्थान दिलें नाहीं. २००० सालीं आलेल्या एक्सएचटीएमएलनें तेच तीन पाठ पुढें चालविले, आणि २००१ सालच्या तिच्या पुढील आवृत्तीनें कडक पाठच पायाभूत धरला. हा निर्णय, आमच्या मतें, तत्त्वतः अगदीं बरोबर होता. चिन्हांच्या भाषेनें वस्तु काय आहे तें सांगावें. वाचकाच्या खिडक्यांची व्यवस्था हा तिचा प्रांत नव्हे. परंतु ह्या निषेधामागें दंडाची शक्ति नव्हती. होतें तें एक तपासणीचें यंत्र, आणि त्यांतून उत्तीर्ण झालेल्या पृष्ठावर लावण्याचें एक लहानसें मानचिन्ह.

आणि ह्या मानचिन्हानेंच घात केला. आपलें पृष्ठ शास्त्रशुद्ध आहे असें मिरविण्याची हौस तर होती. पण वाचकाला नव्या खिडकींत ढकलण्याची सवयही सुटेना. तेव्हां मोठमोठ्या हुशार मंडळींनीं एक तोड काढली. लिहिलेल्या पृष्ठांत तो निषिद्ध शब्द घालावयाचा नाहीं. त्याऐवजीं दुव्यावर 'बाहेरचा' एवढी निरुपद्रवी खूण करावयाची, आणि पृष्ठ वाचकाच्या यंत्रांत पोंचल्यावर जावास्क्रिप्टच्या चार ओळींनीं तोच शब्द गुपचूप आंत घालावयाचा. तपासणीचें यंत्र लिहिलेला मजकूर पाही. मागाहून झालेली करामत त्यास दिसत नसे. दुसऱ्या कांहींनीं तर व्याकरणाची स्वतःची प्रत तयार करून तींत हवा तो शब्द घातला आणि तिच्या आधारें आपलें पृष्ठ शुद्ध ठरवून घेतलें! एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आपल्याकडे ह्याच वृत्तीवर झाली आहे. उपवासाचा हेतु पोटाला विसांवा देण्याचा, तर आपण साबुदाणा, रताळीं आणि बटाटे ह्यांवर ताव मारून अन्नाचा कण शिवला नाहीं म्हणून समाधान मानतों. नियमाचें अक्षर पाळावें आणि त्याचा प्राण घ्यावा, हा धंदा जगाच्या पाठीवर कोठेंही चालतो, एवढेंच ह्यावरून सिद्ध झालें.

ह्या लोकांपेक्षां जो लेखक उघडपणें जुन्या पाठांत तो शब्द लिहीत होता, तो आम्हांस अधिक प्रामाणिक वाटतो. त्याचा दोष असला तरी तो चव्हाट्यावर होता. तपासणी करणारास तो दिसे, आणि एखाद्या ब्राउझरानें ठरविलें असतें तर त्यास तो दुर्लक्षितांही आला असता. शुद्धाचाराच्या आवरणाखालीं केलेला तोच दोष मात्र शोधणें कठीण झालें. ज्या वाचकासाठीं तो निषेध होता, त्याच्या पदरांत निषेधाचें फळ पडलेंच नाहीं.

शेवटीं शास्त्रापेक्षां रूढीच बलवत्तर ठरली. २००४ सालीं ब्राउझर करणाऱ्या मंडळींनीं वॉट्विग हा वेगळा गट स्थापून एचटीएमएलची पुनर्रचना हातीं घेतली. तिची पांचवी आवृत्ति २८ ऑक्टोबर २०१४ रोजीं कन्सॉर्टियमनें मान्य केली. आणि २०१९ सालच्या समझोत्यानें त्या गटाचीच सतत सुधारत जाणारी संहिता प्रमाण ठरली. ह्या संहितेंत 'टार्गेट' हा शब्द सन्मानानें परत आला. गंमत अशी कीं, ज्या चौकटींच्या मांडणीसाठीं तो जन्मला, ती मांडणी ह्याच संहितेनें कालबाह्य ठरविली. पृष्ठाच्या पोटांत बसणारी एक जातीची चौकट तेवढी शिल्लक राहिली. घर पडलें, आणि त्याची ही खिडकी मात्र उभी राहिली.

तेव्हांपासून ह्या पक्षाचे लोक छाती पुढें काढून विचारतात कीं, "आतां शास्त्रच परवानगी देतें; मग तुमची तक्रार काय?" आमचें उत्तर असें कीं, निषेध उठला म्हणजे विधि झाला नाहीं, हा भेद आपल्या मीमांसकांनीं फार पूर्वीं स्पष्ट केला आहे. एखादी गोष्ट करण्यास हरकत नाहीं, आणि ती गोष्ट करावी, ह्या दोन वाक्यांत महदंतर आहे. संहितेनें तो शब्द परत घेतला ह्याचा राग आम्हांस नाहीं. जो शब्द सर्व जग लिहीत आहे तो नाहींच असें मानणारें व्याकरण लटकें होतें. तें सोडून दिलें हें बरेंच केलें. परंतु व्याकरणशुद्ध शिवी ही शिवीच असते. 'हें वाक्य शुद्ध आहे काय' ह्या प्रश्नाचें उत्तर व्याकरण देईल. 'हें वाक्य बोलावें काय' ह्याचें उत्तर बोलणारानेंच द्यावयाचें आहे.

आतां नव्या खिडकीच्या कैवाऱ्यांचे आक्षेप क्रमानें पाहूं. पहिला असा कीं, वाचकांना नवी खिडकीच आवडते; त्यांना जुनें पृष्ठ हातचें जाऊं द्यावयाचें नसतें. असेल, कित्येकांना आवडत असेलही. परंतु येथें एक गोष्ट सहसा कोणी लक्षांत घेत नाहीं. साधा दुवा लिहिला, तर ज्याला नवी खिडकी हवी त्याला ती मिळतेच. संगणकावर उजवें बटण दाबावें, फोनवर दुव्यावर बोट जरा वेळ ठेवावें, कीं 'नव्या टॅबांत उघडा' हा पर्याय समोर येतो. उलट, लेखकानें नवी खिडकी सक्तीची केली, तर ज्याला ती नको त्याला 'ह्याच खिडकींत उघडा' असा पर्याय तेथें नेहमीं आढळत नाहीं. दुव्याचा पत्ता नकलून दुसरीकडे चिकटविण्यासारखे द्राविडी प्राणायाम त्याला करावे लागतात. म्हणजे साध्या दुव्यांत दोघांची सोय आहे, आणि सक्तीच्या दुव्यांत एकाचीच. जेथें एका रीतीनें दोघांचें समाधान होतें आणि दुसरीनें एकाचेंच, तेथें आवडीनिवडीचा वाद घालण्याचें कारण उरत नाहीं. "सामान्य माणसाला ही युक्ति माहीत नसते" असें कोणी म्हणेल. ज्याला एक युक्ति माहीत नाहीं त्याच्यापुढें सात खिडक्या उघडून ठेवाव्या, हा त्यावरचा उपाय होय काय? फोनवरील कित्येक ब्राउझरांनीं तर आतां 'मागें' दाबतांच नवा टॅब मिटवून मूळ ठिकाणीं परत नेण्याची व्यवस्था केली आहे. लेखकांनीं मोडलेली वाट ब्राउझर करणारे बांधून देत आहेत, ह्याहून बोलका पुरावा तो कोणता?

दुसरा आक्षेप दुकानदारी थाटाचा आहे. वाचक बाहेर गेला तर परत येणार नाहीं. म्हणून आपलें पृष्ठ मागें उघडें ठेवावें. गिऱ्हाइकाच्या धोतराचा सोगा धरून ठेवणाऱ्या वाण्याचें हें धोरण आहे. ज्याचा माल चांगला त्याच्याकडे गिऱ्हाइक आपल्या पायांनीं परत येतें, आणि परत येण्यासाठीं त्याला जी वाट माहीत असते ती 'मागें' ह्या बटणाची. तीच बंद करून तो परत येईल अशी आशा बाळगणें हें शहाणपणाचें नाहीं. जेकब नील्सन ह्यांनीं १९९९ सालींच संकेतस्थळांच्या रचनेंतील नव्या चुकांची यादी दिली, तींत 'मागें' ह्या बटणाला निकामी करणें ही पहिली आणि नव्या खिडक्या उघडणें ही दुसरी चूक सांगितली होती. इतक्या वर्षांनंतरही तीच गोष्ट पुन्हां लिहावी लागावी, हें लाजिरवाणें आहे.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो आम्ही मोकळ्या मनानें मान्य करितों. एखादा मनुष्य लांबलचक अर्ज भरीत आहे, निम्मा भरून झाला आहे, आणि मध्येंच एखाद्या नियमाचा अर्थ पाहण्यासाठीं त्याला दुवा दाबावा लागतो. तो नियम त्याच खिडकींत उघडला तर भरलेला मजकूर नाहींसा होण्याची भीति असते. अशा ठिकाणीं नवी खिडकी ही कृपाच होय. परंतु तेथेंही एक अट आहे; ती आम्हीं काढलेली नाहीं. अपंग वाचकांच्या सोयीसाठीं कन्सॉर्टियमनें ५ मे १९९९ रोजीं जीं तत्त्वें प्रसिद्ध केलीं त्यांतच, वाचकाला कळविल्यावांचून नवी खिडकी उघडूं नये असें सांगितलें होतें. २००८ सालच्या दुसऱ्या आवृत्तीनेंही, असे बदल वाचकाच्या मागणीवरूनच व्हावे, ही सर्वोच्च पायरीची कसोटी ठेविली. आपल्या केंद्र सरकारनें २००९ सालीं शासकीय संकेतस्थळांसाठीं मार्गदर्शक तत्त्वें काढलीं. दुवा शासनाबाहेरच्या स्थळाकडे नेत असेल तर तसें स्पष्ट दर्शवावें, असें त्यांत आहे. अनेक शासकीय स्थळांवर आज दुव्यापाशीं 'नवीन विंडोमध्ये उघडते' अशी सूचना मराठींत आढळते. सरकारी कामाला नांवें ठेवण्याची आपणां सर्वांस संवय आहे. ह्या एका बाबतींत मात्र पुष्कळ खाजगी स्थळांनीं सरकारचा कित्ता गिरविण्यासारखा आहे.

सौजन्याचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेविला, तरी सुरक्षिततेचा उरतोच. 'ब्लँक'नें उघडलेल्या नव्या पृष्ठाला आपणांस उघडणाऱ्या जुन्या खिडकीची दोरी कित्येक वर्षें हातांत मिळत असे. ती ओढून एखादें लबाड पृष्ठ मागच्या खिडकींत मूळ पृष्ठाऐवजीं त्याची हुबेहूब बनावट प्रत आणून ठेवूं शके. आणि वाचक परत आल्यावर आपण जुन्याच ठिकाणीं आहों असें समजून तेथें आपला गुप्त शब्द लिहूं शके. ही दोरी तोडण्यासाठीं 'नोओपनर' हा आणखी एक शब्द दुव्यांत घालावा लागे, आणि तो घालण्याचें किती लेखकांना सुचत नसे! शेवटीं २०१९ ते २०२१ ह्या काळांत प्रमुख ब्राउझरांनीं ती दोरी आपण होऊनच तोडली. वाचकाला न विचारतां त्याच्या घराला खिडकी पाडली, म्हणजे तिच्यांतून काय काय आंत येईल हें पाडणारालाही ठाऊक नसतें.

म्हणून आमचें म्हणणें दोन्ही पक्षांस एकच आहे. शुद्धतेच्या अभिमान्यांस आम्ही विनवितों कीं, तपासणीच्या यंत्रानें दिलेल्या मानचिन्हाला पुण्य समजूं नका. यंत्र अक्षर तपासतें, हेतु तपासीत नाहीं. परवानगीच्या अभिमान्यांस सांगतों कीं, संहितेनें मुभा दिली ती तुमच्या विवेकावर विश्वास ठेवून दिली. तो विवेक तुम्ही न वापराल तर मुभेचा दोष नाहीं, तुमचा आहे. नियम सोपा आहे. दुवा साधा लिहावा. नवी खिडकी खरोखरच वाचकाच्या कामाची असेल तेव्हांच ती उघडावी, आणि उघडण्यापूर्वीं त्याच्या भाषेंत, दोन शब्दांत, तसें सांगावें.

आणि आमच्या वाचकांस एक विनंति आहे. ज्या संस्थेला तुम्ही वर्गणी देतां, ज्या शाळेंत तुमचीं मुलें शिकतात, ज्या बँकेंत तुमचा पैसा आहे, तिच्या स्थळावर ही वाट मोडलेली आढळली तर दोन ओळींचें पत्र लिहावें. बांधणारांस बहुधा ह्या गोष्टीची जाणीवच नसते. त्यांच्या मेजावर मोठा पडदा असतो आणि त्यांची दृष्टि तीक्ष्ण असते. आमच्या आत्याबाईंच्या वतीनें आम्हींही असें एक पत्र त्या संस्थेस धाडलें आहे. उत्तर अद्याप आलेलें नाहीं. आत्याबाईंस मात्र आम्हीं वरच्या बाजूची टॅबांची रांग दाखविली, आणि दोष त्यांचा नव्हता हें पुन्हां पुन्हां सांगितलें. त्यांचा त्यावर पुरता विश्वास बसला आहे असें वाटत नाहीं.